वसूचा वस्तरा, माझा फेस

वसू गेल्याची चिठ्ठी मला पनवेल-पेण एस.टी.च्या कंडक्टरनं आणून दिली. भाच्यानं, अरुणनं, घाईघाईत लिहिलेल्या दोन ओळी. ‘आत्या, बाबा आज सकाळी गेले. मिळेल त्या गाडीनं ये.’ कंडक्टर बिचारा टोपी काढून दारात उभा राहिला, पाणी प्यायला आणि गाडी सुटेल म्हणून पळाला. मी चिठ्ठी पुन्हा वाचली, आणि माझ्या मनात जो पहिला विचार आला तो सांगायची लाज वाटते. वसूची शेवटची दाढी कोणी केली असेल?... माझ्यानंतर दुसऱ्या कोणी वस्तरा लावला असेल तर ते मला चालणार नव्हतं. वसू माझा पाठचा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याला आत्ता कुठे बेचाळिसावं लागलं होतं. या गोष्टीला सव्वा महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, काय हो बहीणभावांचं प्रेम तुमचं! प्रेम होतंच. पण मी त्याचा उभा जन्म हेवा केला हेही तितकंच खरं आहे, आणि ते झाकून त्याच्याविषयी गोडगोड लिहायला बसले तर तोच मला हसेल.

आमचे वडील, अण्णा, मीठ खात्यात कारकून होते. पनवेलला रेल्वे यायच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. खाडीकडच्या मिठागरांवर जायचं, राशींची मोजणी करायची, परत येऊन लिहीत बसायचं, असं त्यांचं काम. गावातले बहुतेक बाप्ये आठवड्यातून एकदा न्हाव्यापुढे बसत. अण्णा मात्र रोज स्वतःच्या हातानं दाढी करत, शनिवार नाही की अमावास्या नाही. आई कुरकुरायची, पण त्यांनी कधी ऐकलं नाही. खात्यातला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्यांना आपला वस्तरा देऊन गेला होता, काळ्या मुठीचा. ओटीच्या खिडकीला आरसा टांगलेला, गजाला चामड्याचा पट्टा अडकवलेला, आणि खाली काशाच्या वाटीत फेस. मी आणि वसू उंबऱ्यावर बसून ते पाहत असू. खर्रखर्र असा आवाज व्हायचा आणि पांढऱ्या फेसातून अण्णांचा गाल पट्ट्यापट्ट्यानं बाहेर यायचा. तो आवाज आम्हा दोघांनाही सारखाच आवडायचा.

फेस करायचं काम माझ्याकडे आलं ते मी नऊ-दहा वर्षांची असताना. अण्णांनीच शिकवलं. आधी ब्रश गरम पाण्यात भिजत ठेवायचा, मग झटकून घ्यायचा, वडीवर फिरवायचा, आणि वाटीत थेंबथेंब पाणी घालत घोटत राहायचं. मी पहिल्या दिवशी जोर लावून ढवळलं आणि वाटीभर बुडबुडे केले. “कमळे, कपडे धुवायचेत का?” अण्णा म्हणाले. चांगला फेस दुधावरच्या सायीसारखा घट्ट हवा, वाटी उपडी धरली तरी खाली येता कामा नये. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, उन्हाळ्यात तर तोंडात धरवत नसे, त्यात फेस चढायचा आणि गालाला लागेपर्यंत बसायचा. मग मी वडाळे तळ्याचं पाणी कळशीनं आणून, उकळून, फडक्यानं गाळून, निवळत ठेवायला लागले. अण्णांना ते कळलं तेव्हा त्यांनी वाटी माझ्या डोक्यावर उपडी धरली. फेसाचा एक ठिपकाही पडला नाही. त्या दिवशी मी गावभर मिरवले असते, पण सांगणार काय आणि कोणाला!

वसूला मिसरूड फुटली आणि माझे ते दिवस संपले. एका रविवारी अण्णांनी त्याला ओटीवर बोलावलं आणि वस्तरा त्याच्या हातात दिला. मी वाटी घेऊन बाजूला उभी. “तू पाणी आण,” एवढंच माझ्या वाट्याला आलं. सरळ गालावर हात नको म्हणून अण्णांनी आईकडून एक कोवळा दुध्या भोपळा मागून घेतला. कोवळ्या दुध्यावर बारीक लव असते. त्याला फेस लावायचा आणि सालीवर ओरखडा न काढता लव उतरवायची. “पात्याची पाठ जरा उचललेली ठेव. फार उचललीस तर कापेल, फार झोपवलीस तर केस ओढेल. दाबू नकोस, वस्तरा आपल्या वजनानं जाऊ दे.” वसूनं पहिल्या झटक्यात दुध्याच्या दोन फोडी केल्या. मी खुदकन हसले. पण मला तो दुध्या हवा होता. मला अण्णांचं ते माझ्यामागे उभं राहून मनगट धरणं हवं होतं.

मग मी चोरून शिकले. दुपारी अण्णा कचेरीत, वसू शाळेत, आईची डुलकी. दुध्या बाजारात ढिगानं मिळायचा. मी डावखुरी. डाव्या हातानं वाढू नकोस, डाव्या हातानं घेऊ नकोस, हे ऐकत मोठी झालेली. वस्तरा मात्र आपसूक डाव्या हातात आला आणि कुणी ओरडायला नव्हतं. महिनाभरात माझी दुध्याची साल तान्ह्या बाळाच्या गालासारखी निघायला लागली. त्या महिन्यात घरी दुध्याची भाजी इतक्यांदा झाली की आईनं एकदा माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि फोडणी दिली. एक घोटाळा मात्र झाला. पट्ट्यावर वस्तरा परजताना पाठ पुढे आणि धार मागे ठेवायची असते. माझ्याकडून उलटं झालं आणि चामड्याला तिरका काप गेला. संध्याकाळी अण्णांनी तो पाहिला. वसूनं माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून सगळी बोलणी आपल्यावर घेतली. दुसऱ्या कुणा बहिणीला भरून आलं असतं. मला वाटलं, घ्या, बोलणी खायलासुद्धा याचाच नंबर पहिला!

पुढच्या वर्षी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही आठवड्याभरात बरंचसं सुधारलं, पण उजवा हात लुळा पडला. त्या माणसाला आठ दिवसांची दाढी वाढलेली मी पहिल्यांदाच पाहिली. न्हाव्याला बोलावू का म्हटलं तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. शेवटी म्हणाले, “वसू करेल.” आणि वसू करायला लागला. ओटीवर खुर्ची, मागे उशी, मी केलेला फेस, वसूचा हात. अण्णा डोळे घट्ट मिटून घेत. आपली दाढी दुसरं कोणी करतंय हे त्यांना बघवत नसे. येणाजाणाऱ्यांना मात्र त्याचं फार कौतुक. मिठागरावरचा मुकादम नामा पाटील भेटायला आला होता, तो पाहतच राहिला. “अन्ना, पोर्‍या लय गुनाचा हाय तुमचा. आमचा त आमाला तंबाकू बी मलून देत नाय!” मी तिथेच वाटी हातात धरून उभी होते. वाटीकडे कोण बघतो?

पहिल्याच आठवड्यात वसूच्या हातून गळ्यावर कापलं. फारसं नाही, पण पांढऱ्या फेसात लाल धागा उतरला आणि वसू भिंतीसारखा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात फेस घोटत होते, तिथे तो आला. “अक्का, गाल करीन मी. गळा नाही व्हायचा माझ्यानं. तू कर.” मी म्हटलं, मला काय येतंय! “शाळेतून लवकर आलो होतो तेव्हा दुध्यावर करताना बघितलंय मी तुला,” तो म्हणाला. ठरलं ते असं. अण्णांचे डोळे मिटलेले. वसूनं गाल करायचे, मग वस्तरा माझ्या हातात द्यायचा आणि माझ्या खांद्याशी उभं राहून बोलत राहायचं, “अण्णा, हनुवटी वर... हं, झालंच,” म्हणजे आवाज त्याचा. बांगड्या वाजू नयेत म्हणून मी त्या कोपरापर्यंत सरकवून फडक्यानं बांधून घेत असे. लग्नाच्या मुलीनं बापाच्या गळ्यावर वस्तरा धरलाय हे बाहेर कळलं असतं तर पनवेलात तोंड दाखवायची सोय उरली नसती. त्याहून मोठी भीती म्हणजे अण्णांनाच कळलं तर ते बंद करतील.

पहिल्या दिवशी गळ्यावरून वस्तरा फिरवला तेव्हा त्यांची नाडी माझ्या बोटांखाली उडत होती. जिथे कातडी सैल, तिथे ताणून धरली. वस्तऱ्याला आपल्या वजनानं जाऊ दिलं. पुसून झाल्यावर अण्णांनी डाव्या हातानं गळा चाचपला, डोळे मिटलेलेच होते, आणि म्हणाले, “वसू, गळ्यावर तुझा हात फार हलका आहे रे.” वसूनं फडकं पिळलं. मी वाट पाहत राहिले की हा आता बोलेल, नंतर बोलेल, संध्याकाळी तरी बोलेल... सात महिने मी रोज अण्णांचा गळा केला आणि अधूनमधून ते वाक्य ऐकलं. दर वेळी वसूच्या नावानं. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी, आणि ती माझ्यादेखत तो खिशात घालत होता. मला त्याचा इतका राग यायचा की वस्तरा त्याच्या हातात परत देताना मी मूठ पुढे करायची तेसुद्धा तोंड फिरवून.

अण्णा गेले. वर्षाच्या आत माझं लग्न उरकून मला पेणला दिलं. वस्तरा वसूकडे राहणार हे कोणी ठरवलंसुद्धा नाही, इतकं ते उघड होतं. मी काशाची वाटी न विचारता माझ्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी घातली. पुढे माहेरी आले की वसू चहाच्या कपात फेस करताना दिसायचा, नुसते बुडबुडे. मी शिकवलं नाही. दिवाळीत, लग्नकार्यात कोणीतरी विषय काढायचंच, वसंतानं वडिलांची सेवा केली हो! तो खाली बघायचा. मी त्याच्याकडे बघत राहायची. वीस वर्षांहून जास्त हे चाललं, आणि आम्ही दोघांनी त्यावर एक शब्द काढला नाही.

तो जायच्या पंधरा दिवस आधी मी पनवेलला गेले. छातीच्या दुखण्यानं पार खंगला होता. अरुण पात्याच्या मशीननं त्याची दाढी करायचा, पण खुंट तसेच राहत. वसू म्हणाला, “अक्का, फेस करतेस?” वाटी मी पिशवीत घालूनच आणली होती. त्यानं मागावी म्हणून आणली होती, खोटं कशाला बोलू. आता घरात नळ आलाय, त्या पाण्याला कसबच लागत नाही. मी घोटला, वाटी त्याच्या डोक्यावर उपडी धरली, तो लहान मुलासारखा हसला. मग अण्णांचा वस्तरा काढून परजला आणि त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिले. बांगड्या बांधल्या नाहीत. गाल केले, गळ्याशी आले, तेव्हा तो डोळे मिटून म्हणाला, “अण्णांना माहीत होतं, अक्का.”

माझा हात थांबला.

“पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी सांगायला गेलो. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, या घरात डावखुरं माणूस एकच आहे. वस्तरा उलट्या बाजूनं आला तर मला कळणार नाही का? पट्ट्यावरचा कापसुद्धा त्यांनी तेव्हाच ओळखला होता. म्हणाले, तिला सांगू नकोस. मला कळलंय हे कळलं की ती लाजेल आणि परत हात लावणार नाही. मला तिचाच हात हवाय.” तो थोडा दम खात थांबला. “ते ‘वसू’ म्हणायचे ना, ते तुलाच म्हणायचे.”

मी विचारलं, आणि माझा आवाज चढला होता, “मग ते गेल्यावर तरी सांगायचंस! वीस वर्षं काय केलंस?”

“मला एकदासुद्धा शाबास म्हणाले नाहीत गं,” वसू म्हणाला. “गाल मी करायचो. गालांबद्दल कधी बोलले? तुला म्हणायचे, पण निदान नाव माझं यायचं. तेवढं एक होतं माझ्याकडे. ते सुटेना.”

मी वस्तरा पुसून पुन्हा गळ्यावर टेकवला. गळा पुरा केला, तुरटी फिरवली, तोंड पुसलं. त्यानं गळा चाचपला आणि म्हणाला, “हात अजून तसाच आहे.” हे मात्र त्यानं माझ्या नावानं म्हटलं, कमळे म्हणाला, अण्णांसारखं. येताना एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून रडले. पण खरं सांगू? निम्मं रडणं रागाचं होतं. मला वाटत होतं शाबासकी त्यानं घेतली. आता कळलं की अण्णांबरोबरचं गुपितही त्याच्याचकडे होतं. ते दोघं माझ्याबद्दल संध्याकाळी बोलले होते, आणि मी स्वयंपाकघरात वाटी विसळत होते.

दहाव्याला अरुणनं वस्तरा माझ्यापुढे धरला. आत्या, तू ने. मी नको म्हटलं. तो वसूचाच, त्याच्या घरी राहू दे. त्या दिवशी मी अरुणला एकच गोष्ट विचारली, आणि त्यानं सांगितलं की माझ्यानंतर बाबांनी कुणाला वस्तरा लावू दिला नाही, पंधरा दिवसांची वाढलेली दाढी घेऊनच गेले. ऐकून मला बरं वाटलं, ही माझी जात!

आता तो अण्णांकडे पोचला असेल. जन्माला माझ्या मागून आला आणि तिथे मात्र माझ्या आधी जाऊन बसला. अण्णा खुर्ची टाकून, डोळे मिटून वाट पाहत असतील, आणि हा ओटीवर उभा असेल हात चोळत. रोज सकाळी मी कपाटातून वाटी काढते, पुसते, निवळलेलं पाणी तांब्यात झाकून ठेवते. ह्यांची दाढी ट्यूबमधल्या क्रीमनं होते, ह्यांना त्या पाण्याचा काही उपयोग नाही. राहा म्हणावं दोघं तसेच, दाढी वाढवून. फेस वसूला कधी जमला नाही, आणि वाटी माझ्याकडे आहे.