तिने माझं नाव घेतलं

कोपरच्या घरात आज सुनेने चकलीची भाजणी भाजायला घेतली. धण्याचा खरपूस वास आला आणि मी सरळ मस्कतला पोचलो. बायकोला जाऊन सहा महिने झालेत, पण त्या वासात ती अजून आहे.

तिथे मी फिटर होतो. नोकरीमुळे धंदा माझ्या नावावर होत नव्हता, म्हणून चकलीच्या दुकानाची नोंदणी तिच्या नावाने करायला आम्ही दोघं गेलेलो. ऑफिसात थंडगार एसी, शाईचा वास आणि काचेमागे साहेब. दुभाष्याने हिंदीत विचारलं, "बाई, पती का नाम?"

हिने माझ्याकडे बघितलं. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

"अगं, बोल की!" मी म्हटलं.

"तुम्हीच सांगा ना."

दुभाषा म्हणाला, "मालकीन खुद बोलेगी. नहीं तो कागज वापस."

चार महिने खपून कागद जमवलेले. मी भडकलो. "लाजत बस! जन्मभर घरातच चकल्या तळ."

तिने पदर सावरला, डोळे मिटले आणि जोरात म्हणाली, "दत्ताराम!" अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. साहेबाने हसत शिक्का मारला.

मी मूर्ख, शिक्क्याकडेच बघत राहिलो. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिच्या तोंडी माझं नाव आलेलं, त्याचं मोल आत्ता उमजतंय.

बाहेर उन्हात आलो तर ती कागद छातीशी धरून म्हणाली, "चला दत्ताराम, मोठी कढई घ्यायला."

"हळू गं, लोक ऐकतील."

"ऐकू दे. मालकीण आहे मी."