बाबांच्या छातीतला वायू

भंडाऱ्याच्या दवाखान्यात बाबांना तपासून डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "प्राणवायू पोचतोय, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाहीये. रक्तात साचतोय."

नागपूरच्या प्रयोगशाळेत मी त्याच वायूवर काम करते. विजेच्या मदतीने त्याचं उपयोगी रसायन बनवायचं, हा माझा संशोधनाचा विषय.

बाबांचं आयुष्य अड्याळकडच्या एका राइस मिलमध्ये, बॉयलरच्या भट्टीत धानाचा कोंडा टाकण्यात गेलं. त्यात बिडीची भर.

दुसऱ्या दिवशी पेज पाजायला तोंडावरचा मास्क काढला, तेव्हा त्यांनी विचारलं, "डॉक्टर कोणत्या गॅसचं सांगून राहिले होते?"

मी नाव सांगितलं.

"तू त्याच गॅसचं काम करते ना?"

"हो."

"मंग माह्या छातीतला काहून नाही काढत?"

ते थट्टा करत नव्हते. मी चमचा वाटीत ठेवला.

"तिथं काचेच्या भांड्यात पाणी असते, बाबा. त्यात कथिलाचा पत्रा. वीज सोडली का पाण्यात विरघळलेला गॅस पत्र्यापाशी बदलते, त्याचं फॉर्मिक आम्ल होते. माणसाच्या अंगात तसं नाही करता येत."

"ते आम्ल काय असते?"

"लाल मुंगी चावली का आग होते ना, ते."

बाबा हसले, मग बराच वेळ खोकत राहिले. "इतकी शिकली अन् मुंगीचं इख बनवून राहिली!" खोकला थांबल्यावर म्हणाले, "कोणाच्या कामात येते काय?"

"येते. कातडं कमवाले, रबर बनवाले."

"मंग बनव," म्हणाले आणि मास्क लावायला त्यांनी स्वतःच मान पुढे केली.

दोन दिवसांनी सकाळी ते गेले. श्वासाच्या यंत्रासाठी घशात नळी घालू नका, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. आईने आणि मी ते पाळलं.

प्रयोगशाळेत परतले त्या दिवशी त्याच वायूच्या सिलिंडरची चावी उघडली, भांड्यात बुडबुडे उठले. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसले. थोड्या वेळाने आत गेले, कारण नमुना काढायचा होता.

पुढे पावसाळ्यात, लवकर निकामी होणारा तो पत्रा पहिल्यांदाच आठवडाभर टिकला. मी आईला फोन केला. तिला सगळं कळलं नसेल, पण ती म्हणाली, "तुह्या बाबाले सांगाले पाहिजे होतं."

मग दोघीही फोन कानाला धरून बसलो.