पुनवेचे चार दिवस

बोनकोड्याच्या गोजरा हिरामण मढवीला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे काही न करता पडून राहणं. आवड तशी साधी. पण तिच्या घरात आणि तिच्या काळात ती पुरवून घ्यायला एकच कायदेशीर वाट होती: महिन्यातून चार दिवस मागच्या पडवीत बाहेर बसणं.

बाहेर बसलेल्या बाईनं चुलीला, पाण्याला, देवाला आणि मिठाला शिवायचं नाही, असा नियम होता. पैकी देवाचं एक वेळ चालून गेलं असतं, मिठाचं नाही. खाडीतल्या मिठागराचा मुकादम गोटीराम या बाबतीत भटजीहून कडक. अशा बाईचा पाय आगरात पडला की मीठ काळं पडतं, याबद्दल त्याची खात्री होती. मीठ एरवीही काळंच पडे, पण तेव्हा तो वाऱ्याला दोष देई. या चालीनं बायकांवर केवढा अन्याय होतो हे पुढे शिकल्यासवरल्या मंडळींनी पुष्कळ लिहिलं. गोजराला कुणी विचारलं नाही ते बरं झालं. चार दिवस चटईवर लोळावं, चिंचोके फोडावेत, कावळ्यांची भांडणं बघावीत, आणि दोन वेळा सासूनं, म्हणजे साक्षात धोंडूबाईनं, ताट वाढून लांबून सरकवावं. उरलेले सव्वीस दिवस तीच धोंडूबाई वहाणेनं बोलायची.

गोजराला मूल नको होतं ते एवढ्याचसाठी. चार झाली होती, पाचवं पोसता आलं नसतं असं नव्हे. पण गरोदर बाईला बाहेर बसता येत नाही. नऊ महिने रजा बंद, आणि मिठाची टोपली मात्र डोक्यावर तशीच.

चौथा कान्हा झाला आणि अंगावर पिऊ लागला, तेव्हा नेहमीप्रमाणे तिची पाळी थांबलेलीच राहिली. कान्हा तीन महिन्यांचा असताना मिठाचा हंगाम ऐन भरात आला. पुनवेच्या उधाणाला पाणी चढलं की मचवे खाडीतून थेट आगराला लागत, आणि चार दिवस बायका डोक्यावर टोपल्या घेऊन एका वीतभर फळीवरून मचव्यात मीठ ओतत. टोपलीतून खारं पाणी गळून खांद्याची सालं निघत. पहिल्या दिवशी सकाळी गोजरा उठली, मचव्यांच्या डोलकाठ्या तिनं बघितल्या, आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "आये, मना कावला शिवला."

धोंडूबाईनं चटई टाकली. कुणी शंका घेतली नाही. पुढच्या पुनवेला पुन्हा कावळा शिवला, त्याच्या पुढच्याही. मचवे अवसेलाही लागत, पण महिन्यातून दोनदा बाहेर बसणं गोजराला स्वतःलाच पटेना. लबाडीलाही काही रीत हवी.

असं वर्ष गेलं. सदुसष्ट सालच्या जानेवारीत तुर्भ्याला नवीन निघालेल्या कुटुंब नियोजन केंद्रातली नर्स सुमित्राबाई बोनकोड्याच्या शाळेत टेबल मांडून बसली. कराडकडची बाई, पांढरं पातळ, हातात लाल त्रिकोणाचं पुडकं. तिच्याकडे गोळ्या होत्या. रोज एक, एकवीस दिवस. मग सात दिवस सुट्टी, त्यात पाळी येते. मग पुन्हा एक पुडकं. गोजराला त्यातला 'सुट्टी' शब्द लगेच कळला. ती कान्हाला कडेवर घेऊन गेली. धोंडूबाईही मागोमाग आली, कारण सून कुणाशी काय बोलते हे ऐकणं ती आपलं काम समजे.

"शेवटची पाळी कधी आली?" सुमित्राबाईनं कार्ड काढून विचारलं.

गोजराचं तोंड उघडायच्या आत सासूनं साक्ष दिली. "पौशी पुनवेला बसली, आज न्हाली. मीच ताट दिलंय."

"आणि त्याच्या आधी?"

"मार्गशिर्साच्या पुनवेला. त्याच्या आगोदर कार्तिकाच्या. आमच्या सुनंचं काम चोख हाय."

सुमित्राबाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले म्हणायला हरकत नाही. "इतकी नियमित पाळी मी फक्त पुस्तकात बघितली होती, आजी. आज पाचवा दिवस. अगदी आजच गोळी सुरू करायची." तपासायचंही होतं, पण टेबल शाळेत, पलीकडे पाढे चाललेले, आणि पुरावा इतका पक्का असताना बाईला कुठे निजवायचं?

गोजरा गप्प राहिली. अंगावर पाजतेय तोवर पोटात काही राहत नाही, असं तिला गावातल्या सगळ्या बायकांनी सांगितलं होतं. त्यातल्या तिघींना पाजता पाजताच राहिलं होतं, पण ते त्यांनी सांगितलं नव्हतं. तिलाही दोन महिने उलटून गेले होते, ते तिला ठाऊक नव्हतं. जे वर्षभर आलंच नाही, ते नेमकं कधी चुकलं हे बाईला कसं समजावं?

आठ दिवसांत तिला मळमळायला लागलं. सुमित्राबाई घरी येऊन म्हणाली, "गोळी अंगाला लागेपर्यंत असं होतं. तीन महिने काढ." मग चिंच खावीशी वाटू लागली. धोंडूबाईनं गावभर सांगितलं की सरकारी गोळीला आंबट लागतं. मग लुगड्याचा काष्टा पुरेना. "गोळीनं अंग भरतं," सुमित्राबाई म्हणाली आणि कार्डावर 'प्रकृतीत सुधारणा' असं लिहिलं. तक्रार घेऊन जावं तर सुमित्राबाईकडे गोळीचं कारण तयार असे. गोजरा मात्र नेमानं पुनवेला बाहेर बसत होती, आणि सुमित्राबाई नेमानं कार्डावर फुली मारत होती. हे कार्ड तुर्भ्याला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवलं जाई असं म्हणतात.

चैत्री पुनवेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरा पडवीत कुशीवर निजली होती. मचव्यावरची आरडाओरड लांबून ऐकू येत होती, त्यामुळे झोप अधिकच गोड लागली होती. तेवढ्यात पोटात आतून कुणीतरी लाथ मारली.

चार पोरांच्या आईला ही लाथ ओळखायला शिकावं लागत नाही. ती उठून बसली. दुसरी लाथ आली. तिसऱ्या महिन्याचं पुडकं उशाशी होतं; त्यातल्या एकवीसही गोळ्या संपल्या होत्या. बाहेर बसलेली बाई, कागदोपत्री गोळीवरची बाई आणि पाच महिन्यांची पोटुशी बाई एकाच चटईवर बसून समोर बघत राहिली. धोंडूबाईनं ताट सरकवलं. भात, सुकटीचं कालवण. गोजरानं आधी जेवून घेतलं.

ताट बाजूला सारल्यावर मग भीती वाटली. रजा गेली याची तर होतीच; पण एवढ्या गोळ्या पोटात गेल्या, त्या नेमक्या पोराला रोखायच्या गोळ्या. त्या पोराला आत काय करत असतील?

"आये," ती न्हाल्यावर म्हणाली, "पोटात पोर हाय."

धोंडूबाई पदर खोचून तडक तुर्भ्याला निघाली, सुनेला पुढे घालून. बांधावरून दीड तास तिचा पट्टा चालू होता. "सरकार गोल्या देतंय का शेंगदानं? त्या कराडवालीची वेनी नाय उपटली तं बग!"

त्या दिवशी केंद्रात डॉक्टरीणबाई आलेल्या होत्या. शांत, चष्मेवाल्या. त्यांनी गोजराला निजवून पोट चाचपलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "पाच महिने झालेत. गोळी फसलेली नाही. गोळी सुरू झाली तेव्हाच दोन महिने होते."

"शक्यच नाही," सुमित्राबाई कार्ड उंच धरून म्हणाली. "हे बघा ना, दर महिन्याला पाळी!"

"मी ताट दिलंय!" धोंडूबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती आणि सुमित्राबाई एका बाजूला होत्या.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "पोटात मूल असताना पाच महिने, दर महिन्याला चार चार दिवस रक्त जातंय? मग हे गंभीर आहे. आजच ठाण्याच्या इस्पितळात पाठवावं लागेल. दोन-तीन महिने पलंगावरून उठायचं नाही. तरी मूल राहील असं मी सांगू शकत नाही."

गोजराच्या कानात 'पलंगावरून उठायचं नाही' एवढंच काही क्षण घुमत राहिलं. तीन महिने! पलंग! ताट हातात! एवढी मोठी रजा बोनकोड्यात कुणाला लाभली नव्हती, आणि त्यासाठी फक्त गप्प बसायचं होतं. त्यात तर तिचा हात कुणी धरला नसता.

तिनं सासूकडे बघितलं. धोंडूबाई खाली बसली होती. वेणी उपटायला आलेले हात तिनं डॉक्टरीणबाईंच्या पायांकडे नेले होते आणि तिचा आवाज अगदीच भलत्या बाईचा येत होता. "बाय, माज्या पोरीला वाचवा. रगत जातंय आनि मी हिला ताट सरकवून वर शिव्या देत व्हती."

माज्या पोरीला. बारा वर्षांत हा शब्द गोजरानं ऐकला नव्हता.

"कायच जात नाय," गोजरा म्हणाली.

"म्हणजे?"

"कान्हा झाल्यापासून कायच नाय आयलं. मी निस्ती बसत व्हती."

सुमित्राबाईचं पेन कार्डावर थांबलं. "निस्ती म्हणजे? पाळी नसताना? कशासाठी?"

"पुनवेला मचवं लागतात," गोजरा म्हणाली. "पाठ दुकते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि खूप वेळ पुसला. त्या हसत होत्या की काय हे त्यांनी कळू दिलं नाही. मग म्हणाल्या, "गोळ्या आजपासून बंद. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी सहसा बाळाला काही होत नाही. ठोके छान आहेत. ठाणं नको. घरी जा." आणि सुमित्राबाईला म्हणाल्या, "यापुढे सासूची पाळी लिहू नका. बाईला एकटीला विचारा, आणि हात लावून बघा."

परतीच्या वाटेवर धोंडूबाई अर्धा बांध सुनेच्या पुढे तरातरा चालली. मग तिनं विचारलं, "आनि कान्हाच्या आगोदर?"

"कदी खरं," गोजरा म्हणाली, "कदी चार दिसाचं सा."

"रांडेचे," धोंडूबाई म्हणाली, पण चाल तिनं सुनेच्या बेतानं हळू केली. घरी आल्यावर पडवीतली चटई गुंडाळून माळ्यावर गेली. गोजरानं ती जाताना बघितली. संपलं, ती मनात म्हणाली.

भाद्रपदात मुलगी झाली. दहा बोटं, दहा बोटं, दोन कान, आणि आवाज आजीचा. सुमित्राबाई तिला तीनदा तपासून गेली. नाव पुतळा ठेवलं. गाव मात्र तिला गोळी म्हणे, आणि तिच्या लग्नातही कुणी कुणी म्हणालं.

पुढची पौषी पूनव आली. मचवे लागले. पुतळा चार महिन्यांची, अंगावर पिणारी. गोजरानं चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपली उचलली. दारात गोटीराम मुकादम हाका मारत उभा होता. धोंडूबाई मधे आली.

"कुटं चालली? तुना कावला शिवलाय."

"नाय आये, मना कुटं…"

"मी बोलते ना शिवलाय!" हे इतक्या मोठ्यानं की गोटीराम चार पावलं मागे सरला आणि आपल्या मिठाच्या काळजीनं निघून गेला. तो गेल्यावर धोंडूबाईनं माळ्यावरून चटई ओढली. धूळ झटकताना म्हणाली, "सा पोरं झाली मना. ह्याच डोक्यावर मीठ व्हायलं. एक दिस जास्ती नाय बसली. येवडी अक्कलच नव्हती मना."

तिसऱ्या दिवशी सुमित्राबाई नवं कार्ड घेऊन पडवीशी आली. डॉक्टरीणबाईंच्या नव्या नियमाप्रमाणे तिनं धोंडूबाईला लांब उभं राहायला सांगितलं आणि गोजराला हळूच विचारलं, "शेवटची पाळी कधी?"

लांबून, भाताचं ताट हातात घेऊन, धोंडूबाई ओरडली, "कनची लिवतंस बाय? खरी का पुनवेची?"