म्हशीला तोंड हवंच

चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी छातीठोकपणे सांगते: मुलं चित्रं बिघडवत नाहीत. बिघडवतात पालक.

आमची शाळा कर्जत तालुक्यात, कडावला. तालुक्याच्या स्पर्धेला विषय होता 'आमच्या घरचं जनावर'. वर्गाने एका बाजूने उभ्या अशा गाई काढल्या, सगळ्या कॅलेंडरवरून उतरलेल्या. सातवीतल्या एकीने म्हैस काढली, तीही मागून! कागदभर काळंभोर ढुंगण, शेपटाला वाळलेलं शेण आणि खाली दूध काढणाऱ्या आईची, लुगड्याच्या काठाखालची नुसती पावलं. मी वर्गात नाचायचीच बाकी होते. "हेच पाठवायचं! तेवढा लुगड्याचा काठ घरी रंगवून आण."

घरी! माझ्या तोंडून हा शब्द निघालाच कसा?

दुसऱ्या दिवशी म्हशीच्या पाठीवरून मागे वळलेलं एक तोंड माझ्याकडे बघत होतं. पापण्यांसकट. चित्रामागोमाग दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल आणि मुलीचे वडील.

"बाई, तोंड मी काढलंय. बिनतोंडाची म्हैस तालुक्याला पाठवायची? लोक हसतील."

"दूध तोंडातून काढता का हो?"

"तसं नाय, पन वळख पटाया नको?"

"एवढ्या ढुंगणावरून नाही पटत?"

मुलगी रडकुंडीला आली होती. तेलखडूने रंगवलेलं तोंड खोडलं तर कागदच फाटला असता. एक वाजता आमचे क्लार्क चित्रं घेऊन कर्जतला निघणार. हातात पाऊण तास. मी तिच्यासमोर कोरा कागद ठेवला.

ती काढू लागली. वडील मागे उभे. "शिंगं तरी दिसू दे गं."

मी त्यांच्यावर डोळे वटारले. आणि मग, काय सांगू, शेपूट जरा तिरकं येतंय असं मलाच वाटलं. पेन्सिल माझ्या हातात कधी आली, देव जाणे. टोक कागदाला टेकणार तोच मुलीने तळहात आडवा घातला.

"बाई, तुमीपन?"

वडील फिस्सकन हसले.

"दोघंपन भायेर बसा," ती म्हणाली.

आम्ही पायरीवर बसलो, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. एकला पाच कमी असताना ती बाहेर आली, आमच्यामधून वाट काढत थेट क्लार्ककडे गेली आणि चित्र त्यांच्या हातात दिलं. आम्हाला दाखवलंसुद्धा नाही.

वडिलांनी टाचा उंचावून डोकावलं.

"तोंड नायच काढलं."

"आणि शेपूट?"

"तिरकंच हाय."