तुंबलेलं नोझल

काल इथं जामनगरला गोदामात औषध फवारायला माणूस आला, आन् त्या वासासरशी मी इनामगावच्या आमच्या मक्यात जाऊन उभा राहिलो.

लष्करी अळी पडली होती. अळ्या मोजायला आलेले संशोधक सर मक्याचे पोंगे, म्हंजी शेंड्याची गुंडाळलेली पानं, उघडून बघत होते. मी सकाळपासून पंप पाठीवर घेऊन फवारत होतो. नोझल तुंबलं. सगळे करतात तसं मी ते तोंडात धरून फुंकलं. सर धावत आले आन् अशी चपराक दिली, की ओठ फाटला.

दादानं लांबून तेवढंच पाहिलं. "माझ्या भावावर हात टाकतो व्हय रं?" म्हणत त्यानं खोऱ्याचा दांडा सरांच्या डोक्यात घातला. पुन्हा उगारला, तवा मी भडाभडा ओकून कोसळलो.

"मला नंतर मारा. आधी ह्याचं तोंड धुवा, गाडी काढा," सर म्हणाले.

दवाखान्यापर्यंत मोटारसायकलवर त्यांनीच मला धरलं. त्यांचं रक्त माझ्या मानेवर ठिबकत होतं.

काल त्या माणसानंही तुंबलेलं नोझल तोंडाकडं नेलं, आन् माझा हात उठला. तो तक्रार करणार हाय. नोकरी जाईल, ह्या धास्तीनं जेवण जात न्हाई. पण सरांनी तरी कुठं मागंपुढं पाहिलं होतं?