न उघडलेल्या कप्प्याचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही मला माझ्याच सहीची लाज वाटते. नोकरीत हजारो कागदांवर सह्या ठोकल्या, पण त्या एका पंचनाम्यावरची सही अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नाव मात्र कोणाचंच लिहीत नाही, पोलीस ठाण्याचंही नाही.

देवळाली प्रवरात एक निवृत्त शिक्षक राहायचे. ख्रिस्ती कुटुंब, पत्नी, म्हणजे गावाच्या मॅडम, तीन वर्षांपूर्वी वारलेल्या, दोन्ही मुलं परदेशात. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही सरच म्हणतो. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची जुनी गाडी उभी असायची. गोल दिवे, जाड पत्रा, स्टिअरिंगजवळ गिअरची दांडी. असल्या गाड्या आता हौशी लोक शोधत फिरतात. सरांची गाडी दोन वर्षं बंद होती, तरी काचा रोज पुसलेल्या दिसायच्या.

सरांची तक्रार अशी, की पत्नीची सोन्याची साखळी, लहानसा क्रूस असलेली, घरातून गेली. घरात येणारं माणूस एकच, स्वयंपाकाच्या मावशी. मूळच्या पाथर्डीकडच्या, ऊसतोडीला इकडे आल्या आणि इकडेच राहिल्या. अकरा वर्षं त्या सरांकडे भाकरी करत होत्या. संशय कोणावर, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "संशय नाही हो. पण माझ्याकडे दुसरं येतं कोण?" मी ते वाक्य जबाबात जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

पंचनाम्याला हवालदार आणि दोन पंच घेऊन गेलो. कपाटं, पेट्या, डबे, सगळं पाहून झालं आणि शेवटी गाडी आली. डाव्या सीटसमोरचा डॅशबोर्डमधला कप्पा हवालदाराने दोनदा ओढला. "साहेब, जाम झालाय. उघडंना."

ऊन मी म्हणत होतं. पंचांची चुळबुळ चाललेली, मला नगरला मीटिंग. मी म्हणालो, "लिहा, कप्पा पाहिला, काही मिळून आले नाही."

बाहेरच्यांना हे ऐकून धक्का बसेल, पण ही सवय माझ्या अंगात भिनली होती. 'उघडला नाही' असं लिहिलं की वरून विचारणा होते, का नाही उघडला? 'मिळून आले नाही' लिहिलं की प्रश्नच मिटतो. मी सही केली आणि जीपमध्ये बसलो.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. मावशी आदल्या आठवड्यात राहुरीला एका सोनाराच्या दुकानात दिसल्या होत्या. मी स्वतः गेलो. सोनाराने सांगितलं, पायाला रुतणारी जोडवी सैल करून घेतली, बाकी काही नाही. कॅमेऱ्यातही तेच. खबर फुसकी निघाली, पण पोलीस सोनाराकडे जाऊन आले ही बातमी माझ्या आधी मावशींच्या गल्लीत पोहोचली. आठवडा संपायच्या आत त्यांची बाकीची तीन घरची कामं सुटली. तोंडावर कोणी चोर म्हणालं नाही. "सध्या नको, पाहुणे येणारेत," एवढंच.

इकडे सरांचा रोज फोन. "साहेब, आणखी एक आठवलं." जावं तर टेबलावर चहाचे कप मांडून ठेवलेले, बशीत बिस्किटं. आठवलेलं असायचं काय, तर परवा एक अनोळखी माणूस फाटकापाशी थांबला होता. पुढचा तासभर मग गाडीतून राजूरच्या डोंगरात कसे फिरायचो, मॅडम वाटेत कुठे थांबायला लावायच्या, हे. हा माणूस फिर्यादी आहे का माझा सासरा, असं मी हवालदाराला चिडून म्हणालो होतो.

आठव्या दिवशी मावशींना चौकशीला बोलावलं. बाईमाणसाला सूर्य मावळल्यावर ठाण्यात बसवायचं नाही हा नियम, म्हणून सकाळी अकरालाच, महिला शिपायासमोर. खुर्ची दिली तर त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. रडल्या नाहीत.

"सायेब, काय इचारायचं ते इचारा, पन चोर म्हनू नगा. माजी नात शाळंत जाती. पोरी तिला बोलत्यात."

"मॅडम साखळी कुठे ठेवायच्या?"

"अंगावरच असायची. पन बाजाराला गेल्या की गाडीतनं उतरायच्या आदी काढायच्या अन् म्होरच्या कप्प्यात टाकायच्या. गर्दीत कुनी वढील म्हनून. आता सर रोज चारला त्या गाडीत जाऊन बसत्यात. गाडी हालत न्हाई, काय न्हाई. हातात साखळी असती कदीमदी." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तो कप्पा तुमी बगितलाच आसंल की."

समोर फाइल उघडी होती. 'कप्पा पाहिला'. महिला शिपाई खाली मान घालून पेनाशी चाळा करत बसली. मी मावशींना घरी पाठवलं आणि तडक असल्या जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना जीपमध्ये घातलं.

शेडमध्ये पुन्हा तेच दोन पंच. हवालदार जोर लावायला सरसावला तसे मिस्त्री खेकसले, "सोडा वं! जेवढं वढाल तेवढं घट्ट व्हतंय. आतून कायतरी खटक्याला रेटतंय." त्यांनी कुलपात तेलाचे चार थेंब सोडले आणि थांबले. मग तळहाताने झाकण आत दाबून धरलं, वरच्या फटीतून पातळ पोलादी पट्टी सरकवली आणि सरांनी दिलेली किल्ली हळूच फिरवली. खट्. झाकण मांडीवर पडावं तसं खाली आलं.

चष्म्याचं एक घर खटक्याखाली आडवं अडकलं होतं. त्याच्यामागे बाईमाणसाचा घडी केलेला रुमाल, विरघळून कागदाला चिकटलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या, आणि रुमालावर साखळी.

हरवलेला दागिना सापडला की माणूस आधी दागिना बघतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. सर माझ्याकडे बघत होते.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. "सर, तुम्हाला माहीत होतं?"

"आधी नव्हतं. कप्प्यात ठेवल्याचं विसरलो होतो, शपथेवर सांगतो. तक्रारीनंतर तिसऱ्या दिवशी आठवलं. कप्पा उघडायचा प्रयत्न केला, उघडला नाही."

"मग सांगायचं होतं ना मला!"

"सांगितलं असतं तर तुम्ही यायचे बंद झाला असता."

माझं डोकं फिरलं. गरीब बाईचं नाव गेलं, कामं गेली, आणि हा शिकलेला माणूस चहा मांडून बसला होता! वाट्टेल ते बोलायच्या बेतात होतो. पण पंचनामा माझाच होता. पहिल्या दिवशी मी मिस्त्री आणला असता तर ह्यांना लपवायला काही उरलंच नसतं.

मी सरांना जीपमधून नाही, भर दुपारी पायी मावशींच्या गल्लीत नेलं, लोकांनी बघावं म्हणून. दारं उघडली, माणसं जमली. सर वर्गात बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, "साखळी माझ्याच गाडीत होती. मावशींनी काही घेतलेलं नाही. चूक माझी." मी म्हणालो, "आणि माझी. मी कप्पा न उघडताच पाहिला म्हणून लिहिलं." गल्लीत उभं राहून हे बोलताना माझे कान तापले होते.

मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, हाक मारली आसती तर मी बसले आसते की घटकाभर. अकरा वर्सं भाकरी केली, तुमी एकदा बस म्हनला न्हाई." आणि आत वळता वळता, "आता न्हाई येनार मी." त्या आत गेल्या.

गैरसमजातून दिलेली तक्रार म्हणून कोर्टात 'क' समरी, म्हणजे गुन्हा ना खरा ना खोटा असा अहवाल, पाठवली. पंचनाम्याबद्दल वरिष्ठांकडून लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या हक्काचीच होती. मावशींना बाकीची कामं परत मिळायला वर्ष लागलं, असं कानावर आलं. पुढे हाताखालच्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी सांगत आलो, जे उघडलं नाही ते 'उघडलं नाही' असंच लिही, बोलणी खा, पण लिही. एवढं शिकवता येतं.

दुसरं, एकट्या माणसाची हाक कशी ओळखायची, ते कसं शिकवायचं हे मला कळलेलं नाही. निवृत्तीनंतर मी नगरला एकटाच असतो. पत्नी गेली, मुलगी रविवारी फोन करते. सरांनी मावशींवर केला तो अन्यायच, हे मी आजही म्हणतो आणि त्यांच्यावरचा राग अजून आहे. पण दुपारी चार वाजता घर किती मोठं होतं हे मला आता कळतं.

त्या दिवशी गल्लीतून मी सरांना घरापर्यंत सोडायला गेलो. फाटकाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या येणार ना, साहेब?"

मी म्हणालो, "येतो." माझी बदली व्हायला अजून पाच महिने होते. मी एकदाही गेलो नाही.