नळाचा आवाज

वडशाच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली, तेव्हा बाबांनी माझ्या बॅगेतून नाटकांच्या वह्या काढून घेतल्या. बाबांनी स्वतः झाडीपट्टीच्या नाटकांत जन्मभर पेटी वाजवली. धानाची कापणी झाली की गावोगावचे मांडव, उरलेलं वर्ष वाट पाहणं. "नाटकानं पोट भरत नाही, पोरी. शिकाले चालली, शिकूनच घे," एवढंच म्हणाले. नागपूर येईस्तोवर माझा राग उतरला नव्हता.

कॅनडात ग्वेल्फला फूड सेफ्टीचा डिप्लोमा केला आणि मिल्टनच्या एका बेकरीत क्वालिटी चेकिंगचा जॉब लागला. भाड्याच्या बेसमेंटमध्ये माझ्यासोबत लातूरची मेघना राहायची. तिचा पीआरचा, म्हणजे तिथं कायम राहण्याचा, अर्ज एका कागदापायी परत आला. आईला फोनवर ती "इथं सगळं मस्त आहे गं" म्हणायची, आणि मग वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडायची. मला सगळं ऐकू यायचं.

मी तेच लिहिलं. इंग्रजीत, अर्ध्या तासाचं. ग्वेल्फच्या एका हौशी ग्रुपनं ते बसवलं. माझं पहिलं नाटक! मोठ्या कौतुकानं मेघनाला पुढच्या रांगेत बसवलं. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती.

ती पार्किंगमध्ये गाडीत बसली होती. "तुला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडायचे मी," ती म्हणाली.

तीन आठवडे अबोला. बर्फ पडला की मेघना माझ्या गाडीभोवतीचाही फावड्यानं उपसायची, पण बोलायची नाही. मग एका रविवारी सकाळी तिनं माझी स्क्रिप्ट टेबलावर ठेवली. पेन्सिलीच्या खुणा केलेली.

"ही दोन पानं काढ. ती माझ्या आईची आहेत. आणि शेवटी ती मुलगी रडत बसत नाही. तोंड धुऊन पोहे करते. तू खाल्लेस की ते!"

खरंच खाल्ले होते, आणि लिहिताना विसरले होते. मी पानं काढली, पोहे घातले. नाटक पुष्कळ सुधारलं. लाज मात्र तेवढीच राहिली.

त्यानंतर आणखी दोन नाटकं झाली. बाबांना फोनवर सांगितलं, तर विचारतात, "पेटी कोण वाजवते?" कोणीच नाही म्हटलं की, "मग कायचं नाटक!" पण कोण कोण आलं होतं, ते सगळं ऐकून घेतात.

मेघनाला पीआर मिळाला, ती आता मार्कहॅमला असते. गावाकडून तुम्ही सगळे विचारता, घरी कधी येतेस? वडसा माझं गाव आहे, राहीलच. पण लिहिलेलं घेऊन मी जिथं जाते, ते घर मेघनाचं. मागच्या शनिवारी तिच्या किचनमध्ये नवं नाटक वाचायला बसले. ती कणीक मळत होती.

"थांब. यात मी आहे?"

"नाही. या वेळी मीच आहे."

तिनं हात धुतले, खुर्ची ओढून समोर बसली.

"मग वाच. काही गाळू नकोस."